एकाच फळीतली सहा अस्वलं

आर्याच्या मैत्रिणीचा वाढदिवस रविवारी होता आणि शनिवारी दुपारपर्यंत भेटवस्तू घ्यायची राहिली होती, म्हणून तिघं बाहेर पडले. आर्याच्या आजोबांचं, श्रीराम बिवलकरांचं, यायचं मन नव्हतं. दुकानं पालथी घालणं त्यांना कधीच मानवलं नव्हतं. पण प्रणिता म्हणाली, "बाबा, घरात बसून हाताकडे बघत राहण्यापेक्षा चला," आणि लेकीच्या त्या एका वाक्याने ते उठले. त्यांनी चपला घातल्या.

हात दोन वर्षांपासून थरथरत होते. डावा जास्त. आणि श्रीरामराव डावखुरे. तेहतीस वर्षं जहाजांवर काढून चीफ इंजिनियर म्हणून निवृत्त झालेला माणूस, आता चहाचा कप अर्धाच भरून घ्यायचा. बायको रत्नाबाई गेल्यावर ठाण्याचं घर बंद करून ते परदेशी, आंग मो किओ नावाच्या उपनगरात लेकीच्या फ्लॅटवर राहायला आले होते. जावई अमेयही जहाजावरच, चार-चार महिने बाहेर. त्यामुळे नवव्या मजल्यावरच्या त्या घरात ही तिघंच असायची.

दुकान जुन्या बैठ्या इमारतींच्या ओळीत होतं. आत पांढऱ्या भिंती, फिकट लाकडाचे रॅक, लोकरीची पांघरुणं, मेणबत्त्या. सगळं मोकळं मोकळं, आणि एसी इतका की कानशिलं गार पडावीत. आर्या पेन्सिलींच्या डब्यांकडे गेली. श्रीरामराव दाराजवळच हात पाठीमागे बांधून उभे राहिले आणि समोरच्या फळीकडे सहज बघितलं.

फळीवर लाकडी प्राणी होते. सील, ससा, शिंगं नसलेली सांबराची मादी आणि एका ओळीत बसलेली सहा अस्वलं. कुणालाच डोळे नव्हते, तोंडं नव्हती. नुसते आकार, तेल पाजून गुळगुळीत केलेले.

श्रीरामरावांनी एक अस्वल उचललं. पाय पुढे पसरून बसलेलं, मान किंचित उजवीकडे. डावा कान उजव्यापेक्षा आखूड.

तो कान आखूड का होता हे जगात दोनच माणसांना माहीत होतं. प्रणिताचा जन्म झाल्याची तार बिस्केच्या उपसागरात मिळाली होती, तेव्हा श्रीरामरावांनी डेकवरच्या जुन्या सागवानी फळीच्या तुकड्यातून तिच्यासाठी अस्वल कोरायला घेतलं होतं. जहाजाने एक गचका खाल्ला, चाकू घसरला आणि कान गेला. शेजारी बसलेला नॉर्वेजियन बोसन, म्हणजे खलाशांचा मुकादम, तोरलीफ, ज्याने त्यांना कोरायला शिकवलं, तो म्हणाला होता, आता हेच बरोबर आहे असं समज आणि पुढे चल. ते अस्वल आज आर्याच्या टेबलावर बसलेलं होतं.

"कुणी केलंय हे?" त्यांनी विचारलं. आवाज जरा चढलाच.

काउंटरवरची बाई पुढे आली. मिस गोह, पन्नाशीची, केस अगदी बारीक कापलेले. "हँडक्राफ्टेड, सर," ती हसून म्हणाली. "स्कँडिनेव्हियन डिझाइन. इथल्याच वर्कशॉपमध्ये बनतात."

"स्कँडिनेव्हियन? हे माझं आहे. माझ्या हातचं. हा कान माझ्या चुकीचा आहे! माझं काम उचलायचं ते उचलायचं, वर माझ्या चुकासुद्धा?"

दुकानातली दोन माणसं वळून बघायला लागली. मिस गोहचं हसू मावळलं, पण ती चिडली नाही; तिच्या चेहऱ्यावर काळजी होती आणि ती श्रीरामरावांकडे जरा जास्तच निरखून बघत होती. काहीतरी विचारावंसं वाटत असून विचारत नव्हती.

"बाबा, प्लीज," प्रणिता कुजबुजली.

"प्लीज काय? चोराला चोर म्हणायचं नाही?"

"आजोबा, इट्स जस्ट अ बेअर, लाह," आर्या तिथल्या मुलांच्या लकबीत म्हणाली.

त्यांनी त्यातलं एक अस्वल विकत घेतलं.

घरी आल्या आल्या त्यांनी ट्रंकेतून व्हर्नियर कॅलिपर काढला. इंजिनरूममध्ये आयुष्य काढलेल्या माणसाचा अंदाजावर विश्वास नसतो. स्वतःला कॅलिपर स्थिर धरवेना म्हणून प्रणिताला धरायला लावला आणि आकडे ते स्वतः वाचून तिलाच लिहायला सांगत गेले. उंची, पाठीची रुंदी, दोन्ही कान, पंजे. जुनं अस्वल आणि नवं अस्वल यांत मिलिमीटरच्या दहाव्या भागाचाही फरक नव्हता.

"स्कॅन केलं असेल," प्रणिता म्हणाली. "मशीनवर करतात हल्ली. मागे आर्याने शाळेत नेलं होतं ना ते, शो अँड टेलला. तिथे कुणीतरी..."

श्रीरामराव ऐकत नव्हते. त्यांनी दोन्ही अस्वलं खिडकीपाशी नेली आणि उलटी केली. मूळ अस्वलाच्या पोटावर एक काळसर कडं होतं. डेकच्या फळीत लोखंडी बोल्ट असतो, त्याचा गंज वर्षानुवर्षं सागात उतरतो, त्याचा तो डाग. त्या डागाच्या कडेला मिऱ्याएवढी एक गाठ, आणि गाठीला वळसा घालून गेलेल्या रेषा.

नव्या अस्वलाच्या पोटावरही डाग होता. गाठ होती. रेषा होत्या. त्यांनी भिंग आणून मोजल्या. सत्तावीस आणि सत्तावीस.

"आकार चोरता येतो गं," ते म्हणाले. "लाकूड कसं चोरणार? एक झाड दोनदा वाढत नाही."

"वरून छापलं असेल."

"मग काप."

प्रणिताने नाइलाजाने करवत घेतली. पंधरा मिनिटं खटपट करून तिने अस्वल मधोमध कापलं. रेषा आरपार गेलेल्या होत्या. डाग पाव इंच आत उतरला होता. कापल्या जागेतून जुन्या सागाचा तो कडवट, चामड्यासारखा वास आला आणि त्या वासाला मिठाची बारीकशी झाक होती. प्रणिताने अर्धं अस्वल टेबलावर ठेवलं, हात फडक्याला पुसले, आणि मग उगाचच परत पुसले.

रविवारी श्रीरामरावांनी तिच्याकडून ईमेल लिहवून घेतला. प्रणिताने तीनदा शब्द सौम्य केले, त्यांनी तीनदा परत कडक करायला लावले. मला तुमच्याकडून काही नको, असं त्यांनी लिहायला सांगितलं. ह्या प्रत्येक प्राण्याखाली ज्याने तो केला त्याचं नाव लिहा. तेहतीस वर्षं मशीनवर माझं नाव कधी आलं नाही, ते येत नसतंच. पण हे मी माझ्या हाताने, माझ्या सुट्टीच्या वेळात केलेलं आहे.

उत्तर सोमवारी दुपारी आलं. प्रणिता वन-नॉर्थ भागातल्या ऑफिसातून लवकर घरी आली आणि फोन त्यांच्या हातात न देता तिनेच ते वाचून दाखवलं. मिस गोहने लिहिलं होतं: "प्रिय अंकल श्रीराम, शनिवारी तुम्ही अनोळख्यासारखं विचारलंत तेव्हा मला थट्टा वाटली; रागावलात तेव्हा मी फार गोंधळले. तुमची तब्येत बरी नाही का? तुमचं नाव लावायला आम्ही पहिल्या दिवसापासून तयार आहोत. नाव नको असं तुम्हीच सांगितलं होतं."

श्रीरामरावांनी फोन तिच्या हातून ओढून घेतला.

"काय म्हणते ही बाई?"

"बाबा," प्रणिता हळूच त्यांच्या शेजारी बसली. "मी रागावणार नाही. तुम्ही कुठे जाता का? सकाळी, मी ऑफिसला गेल्यावर?"

चोरीचा राग वेगळा आणि हा वेगळा. "म्हणजे मी विसरतो? वेड लागलंय मला?" त्यांनी समोरचं बिल ओढलं, त्याच्या मागे पेनने आपलं नाव लिहायचा प्रयत्न केला. अक्षरं कागदावरून मुंग्यांसारखी पांगली. "हा हात बघ! ह्या हाताला अस्वल होतं का? शर्टाचं बटण लावतेस तू माझं!"

प्रणिताच्या डोळ्यांत पाणी आलं, पण ती उत्तर द्यायची थांबली नाही. "म्हणूनच विचारते बाबा. मलाच कळत नाहीये."

वर्कशॉपचा पत्ता ईमेलखालीच होता. आंग मो किओच्या इंडस्ट्रियल पार्कमध्ये, घरापासून बसचे चार स्टॉप. मंगळवारी प्रणिताने अर्धी रजा टाकली, सुट्टीमुळे घरी असलेल्या आर्याला समोरच्या मिसेस लिमकडे बसवलं आणि दोघं गेले.

तिसऱ्या मजल्यावर लांबच लांब कॉरिडॉर होता. एका बाजूला इलेक्ट्रॉनिक्सच्या कंपन्या, दुसऱ्या बाजूला छपाईवाले, शिवणवाले. लाकडाच्या युनिटचं शटर अर्धं वर होतं. दारात टेबल टाकून सालेह नावाचा साठीचा मलय गृहस्थ बसला होता. श्रीरामरावांना बघून त्याने ओळखीची मान हलवली.

"अंकल, टुडे ट्यूसडे. यू नेव्हर कम ट्यूसडे."

प्रणिताने विचारलं, ते केव्हा येतात. सालेहने रजिस्टर तिच्याकडे फिरवलं. सोमवार, बुधवार, शुक्रवार. आत आठ वाजता, बाहेर अकराला. गेल्या चौदा महिन्यांपासून. त्यांच्या राहण्याच्या परवान्याच्या, म्हणजे पासच्या नंबरातली शेवटची चार अक्षरं प्रत्येक ओळीत बरोबर होती.

"सोमवार, बुधवार, शुक्रवार!" श्रीरामराव ओरडलेच. त्यांनी पाकिटातून फिजिओथेरपीचं कार्ड काढून टेबलावर आपटलं. तेच वार, साडेआठ ते दहा, प्रत्येक खेपेला क्लिनिकचा शिक्का. "मी एकाच वेळी दोन ठिकाणी असतो का? सांग ह्यांना, प्रणिता! माझ्या नावाने कोणीतरी भामटा येऊन बसतोय इथे आणि तुम्ही त्याला चहा पाजताय!"

प्रणिताने कार्ड आणि रजिस्टर शेजारी शेजारी ठेवलं. बोट फिरवत एकेक तारीख ताडून पाहिली. मग ती सहीवर थांबली. वर फाटा दिलेला 'श्री', खाली एका दमात ओढलेली रेघ.

"बाबा, सही तुमचीच आहे."

"माझी होती," श्रीरामराव म्हणाले.

सालेहने त्यांना आत जाऊ दिलं. हॉलमध्ये सात-आठ बेंच होते, पाच-सहा माणसं वाकून काम करत होती. मशीनचा आवाज नव्हता, फक्त पटाश्यांचा. खिडकीखालचा बेंच रिकामा होता. लॅम्प उजवीकडे, हत्यारं डावीकडे, म्हणजे डावखुऱ्याची मांडणी. आणि बेंचच्या चारी कडांना जाड दोर ठोकलेला होता, वस्तू घरंगळून खाली पडू नये म्हणून. जहाजावर असा दोर लावतातच. जमिनीवर, तिसऱ्या मजल्यावर, त्याचं काय काम?

बेंचवर एक अर्धवट प्राणी होता. पाणमांजर. पुढे चाललेलं, पण मान वळवून मागे बघणारं.

श्रीरामरावांनी खुर्चीची पाठ धरली.

फिजिओनंतर ते पार्कातल्या नदीकाठी बसायचे. तिथे पाणमांजरांचं एक कुटुंब होतं. सगळी पुढे जायची, एक मात्र थांबून मागे बघायचं. हात चालत असता तर हेच कोरलं असतं, असं गेल्या आठवड्यात त्यांच्या मनात आलं होतं. मनातल्या मनात त्यांनी लाकूडही निवडलं होतं. कुणाला बोलले नव्हते. बोलण्यासारखं ते नव्हतंच.

त्यांनी पाणमांजराला बोट लावलं. नुकतंच कुणीतरी हातातून खाली ठेवावं तसं ते कोमट होतं.

"चला बाबा," प्रणिता म्हणाली. तिने त्यांचा दंड इतका घट्ट धरला होता की संध्याकाळी तिथे बोटांचे वळ दिसत होते.

घरी आल्यावर ती पोलिसांकडे जायचं म्हणाली, मग डॉक्टरकडे जायचं म्हणाली, मग परत पोलिसांकडे. श्रीरामरावांचा मात्र निश्चय झाला होता. माणूस कोणीही असो, त्याच्या समोर उभं राहून विचारायचं. माझं नाव घेतोस, माझी सही करतोस, माझ्या मनातलं जनावर माझ्याआधी कोरतोस, कुणाच्या परवानगीने? रात्रभर त्यांनी ती वाक्यं घोटली. इंग्रजीत सुरू करायची आणि मराठीत संपवायची, कारण रागावायला मराठीच बरी.

बुधवारी प्रणिता ऑफिसला गेली. आर्या चित्रं काढत बसली होती, मिसेस लिमचं दार समोर उघडं होतं. "अकराला येतो," असं सांगून श्रीरामराव निघाले. क्लिनिकला न जाता ते सरळ वर्कशॉपमध्ये गेले आणि पावणेआठला खिडकीखालच्या त्या बेंचपाशी जाऊन बसले.

आठ वाजले. साडेआठ झाले. बाकीची माणसं आली, मान हलवून आपापल्या जागी बसली. कुणी काही विचारलं नाही. पाणमांजर जागेवर नव्हतं. बेंच पुसलेला होता. हत्यारंही नव्हती, भिंतीवर त्यांचे फिकट ठसे तेवढे दिसत होते.

नऊ वाजता सालेह चहा घेऊन आला. कप भरलेला होता. श्रीरामरावांनी तो उचलायचा प्रयत्न केला आणि चहा बेंचवर सांडला.

सालेह त्या हाताकडे बघत राहिला. मग चेहऱ्याकडे. मग एक पाऊल मागे सरला.

"सॉरी, अंकल," तो अदबीने म्हणाला. "आय थॉट यू आर हिम. यू आर द ब्रदर, इज इट?"

"मी श्रीराम बिवलकर!"

"यस, यस," सालेह म्हणाला. वेड्याच्या होला हो लावावं तसं. "ही टेक एव्हरीथिंग होम आल्रेडी. धिस मॉर्निंग, सेव्हन ओ'क्लॉक. ही से नाऊ कॅन वर्क फ्रॉम होम."

श्रीरामरावांनी खिशातून फोन काढला. थरथरत्या बोटांनी आर्याचा नंबर तिसऱ्या प्रयत्नात लागला. पलीकडे फोन उचलला गेला.

"आर्या? आर्या, बाळा, आजोबा बोलतोय. दार उघडू नकोस कुणाला."

पलीकडे कुणी बोललं नाही. पॉलिश पेपर लाकडावर घासल्याचा आवाज येत होता. तीनदा. मग फुंकर. परत तीनदा. मग फुंकर. तोरलीफने अशीच सवय लावली होती त्यांना, भुसा बोटाने झाडायचा नाही म्हणून.

फोन बंद झाला.

बसची वाट बघायला ते थांबले नाहीत. चार स्टॉप चालत, अडखळत, मधे दोनदा धावत गेले. अंगातला शर्ट पाठीला चिकटला होता. प्रणिताला फोन लावला; ती उचलेना, मीटिंगमध्ये असणार. ती घोटलेली वाक्यं त्यांनी पुन्हा आठवून पाहिली. माझं नाव घेतोस. माझी सही करतोस. शब्द येत होते, पण त्यांच्यामागचा जोर कुठेतरी वाटेत गळून पडत होता.

लिफ्ट नवव्या मजल्यावर थांबली.

मिसेस लिमचं दार आता बंद होतं. त्यांच्या घराचं लाकडी दार उघडं, पुढची लोखंडी जाळी लावलेली. आतून जवसाच्या तेलाचा वास येत होता.

त्यांनी चावी लावायचा प्रयत्न केला. चावी भोकाशी किणकिणत राहिली, आत जाईना.

आर्या जाळीपाशी आली. हातावर भुसा, नाकावर भुसा. ती हसत होती, पण त्यांना बघून थांबली.

"आर्या, दार उघड."

तिने त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. शाळेत पाहुणे आले की मुलं बघतात, तसं.

"अंकल, यू लुकिंग फॉर हू?"

"अगं, मी. आजोबा."

तिची नजर जाळीवर धरलेल्या त्यांच्या हाताकडे गेली. जाळी बारीक बारीक वाजत होती. ती एक पाऊल मागे झाली आणि आत वळून, अगदी स्वच्छ मराठीत म्हणाली,

"आजोबा, बाहेर कुणीतरी आलंय. बरं नाहीये त्यांना."

आत खुर्ची मागे सरकली.

"बसायला सांग त्यांना," आतून आवाज आला. शांत, आपुलकीचा. "आणि पाणी दे. कप अर्धाच भर हं."

मग बेसिनचा नळ सुटला आणि बराच वेळ वाहत राहिला. काम संपवून कुणीतरी सावकाश हात धूत होतं.